उंदीर का रडला?

मी झोपलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं रामायण घडलं ते आपण झोपलो होतो असं मला स्वतःलाच वाटल्यामुळे.

डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेलो होतो. पोचून दोन दिवस झाले होते, पण शरीर अजून सदाशिव पेठेच्या घड्याळावर चालत होतं. म्हणजे रात्री दोनला टक्क जाग आणि संध्याकाळी सातला मान छातीवर. नेमक्या अशा सात वाजता जावयानं जाहीर केलं, "बाबा, आज आपला परंपरा!" जावई तिकडेच जन्मलेला, तिकडेच वाढलेला. मराठी अगदी प्रेमानं बोलतो, फक्त लिंगभेद त्याला मान्य नाही.

परंपरा म्हटल्यावर मला आरती, गेला बाजार कांदाभजी तरी अपेक्षित होती. निघाला सिनेमा. 'द मपेट ख्रिसमस कॅरल', साल 1992. दर नाताळात तो बघायचाच, असा त्या घरचा कुळाचार आहे.

गोष्ट डिकन्सची, 1843 सालची. कवडीचुंबक सावकार स्क्रूज, नाताळची आदली रात्र आणि त्याला सुधारायला आलेली भुतं. स्क्रूज झालाय मायकल केन, म्हणजे हाडामांसाचा माणूस. भोवतालची मंडळी मात्र बहुतेक मपेट, म्हणजे कापडाचे बाहुले. त्याचा कारकून हिरवा बेडूक, नाव कर्मिट. कारकुनाची बायको मिस पिगी, ही डुकरीण. त्यांना मुलं चार. मुलगे बेडूक आणि मुली डुकरिणी.

"अगं बाई, असं कसं?" हिनं विचारलं.

"आजी, इट्स सायन्स," नात म्हणाली. नात अकरा वर्षांची आहे.

खुद्द डिकन्स म्हणून गॉन्झो नावाचा एक निळा, वाकड्या नाकाचा प्राणी गोष्ट सांगत हिंडतो आणि त्याच्यासोबत रिझो नावाचा खादाड उंदीर असतो. केननं म्हणे आधीच ठरवलं होतं, की आपण रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम करतोय अशाच गांभीर्यानं वागायचं, समोरचे बाहुले आहेत हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. मला हे फार पटलं. बँकेत मी चौतीस वर्षं तशीच काढली.

आता तो प्रसंग. तरुणपणीच्या स्क्रूजला त्याची वाग्दत्त वधू सोडून जाते. तिचं नाव बेल (महादेवाला वाहतात तो नव्हे). बर्फात बाकावर बसून ती चार वाक्यं बोलते न बोलते, तोच पडद्यावर म्हातारा स्क्रूज पार मोडून पडलेला, उंदीर ढसाढसा रडतोय आणि गॉन्झो त्याची समजूत घालतोय. मी दचकलो. चार वाक्यांवर उंदीर एवढा रडेल? छे! अर्थ उघड होता : मधली पाच-दहा मिनिटं माझा डोळा लागला होता. मी हळूच हनुवटी पुसली आणि ताठ बसलो.

सिनेमा संपल्यावर जावयानं विचारलं, "बाबा, कसा वाटला?" ज्यानं नाटकात झोप काढलेली असते तो नेमकी झोपेतल्या भागाचीच तारीफ करतो, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. मी म्हणालो, "सगळंच छान. पण त्या मुलीच्या निरोपाचा प्रसंग! काय रंगवलाय! हळूहळू, अगदी पदर उलगडत."

शांतता पसरली.

"कुठला?" नात म्हणाली. "तो सीन नाहीच्चे."

जावई उभा राहिला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "बाबा, तुम्हाला कळला! तिथे गाणी होता!"

तिथे खरोखरच गाणं होतं. पॉल विल्यम्सनं लिहिलेलं, बेल गाते ते, प्रेम सरल्याचं. शेवटी म्हातारा स्क्रूजही फुटक्या आवाजात तिच्या सुरात सूर मिसळतो. ते चित्रित झालं होतं, सिनेमात बसवलंही होतं. पण डिस्नेचे त्या वेळचे बडे अधिकारी जेफ्री कॅट्झेनबर्ग यांचं मत पडलं, की एवढ्या संथ गाण्याला लहान मुलं चुळबुळ करतील. दिग्दर्शक ब्रायन हेन्सन याचा हा पहिलाच मोठा चित्रपट. मपेट जन्माला घालणारे त्याचे वडील जिम हेन्सन 1990 मध्ये गेलेले. त्यानं मान तुकवली आणि थिएटरात सिनेमा गाण्याविना लागला.

इथवर ठीक. पण व्हीएचएस कॅसेट निघाली तिच्यात गाणं होतं! जावई त्या कॅसेटवर वाढला. नात वाढली ती स्ट्रीमिंगवर आणि तिथे मुख्य म्हणून जी प्रत लागते तिच्यात गाणं नाही. एका छपराखाली दोन पंथ. एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, मधल्या काळात गाण्याची मूळ निगेटिव्हच हरवली. ती सापडल्याचं 2020 मध्ये हेन्सननं सांगितलं आणि डिसेंबर 2022 मध्ये गाण्यासकट अख्खा सिनेमा डिस्नेच्या स्ट्रीमिंगवर आला. कुठे ठेवला? खाली, 'एक्स्ट्राज'मध्ये. नवरदेवाला शेवटच्या पंगतीला बसवावं तसा. जावई हे सांगताना इतका हळवा झाला, की लेकीनं त्याला पाणी आणून दिलं.

त्या दिवसापासून मी त्या घरात मपेटांचा जाणकार ठरलो. गाणं नसताना ज्याला गाणं जाणवलं असा माणूस! जावई मित्रांना फोनवर सांगत सुटला. "माझा सासरा पुण्याचा आहे, तिथे कान वेगळे असतात." आता मी खरं सांगायचं कसं?

सकाळच्या चहापासून वाद सुरू व्हायचा. नातीचं म्हणणं, पपेटच्या सिनेमात माणसंच रडत गाणार असतील तर पपेटना बोलावलं कशाला? जावयाचं म्हणणं, सिनेमाच्या शेवटी सगळे मिळून गातात ते प्रेम गवसल्याचं गाणं म्हणजे या गाण्याचं उत्तर आहे, मग प्रश्नच कापल्यावर उत्तराला काय अर्थ? हा मुद्दा खरं तर बिनतोड आहे. लेक प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ती लॅपटॉपवरून मान न उचलता दरवेळी एवढंच विचारायची, "उंदीर का रडतो? गाणं नसेल तर त्याचं रडणं कापा. एक काहीतरी करा."

हिचं मत सर्वांत स्वच्छ होतं. "मुलीनं शहाणपणा केला. चिकट माणूस वेळेत सोडला. त्यात गायचं काय एवढं? रिक्षा करावी आणि घरी जावं."

वाद एकाच गाण्यावर थांबला असता तर सोसलं असतं. पण पुस्तकात मार्ली, म्हणजे स्क्रूजचा मेलेला भागीदार, एकच असताना सिनेमात दोन का? तर स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ या कुरकुऱ्या म्हाताऱ्यांची जोडी फोडता येत नाही म्हणून. दुसऱ्याचं नाव रॉबर्ट का? तर रॉबर्टचं लाडाचं रूप बॉब. बॉब मार्ली, तो जमैकाचा गायक! यावर जावई बराच वेळ एकटाच हसला. शिवाय ध्वनिफितीवर असलेली, पण मुळात चित्रितच न झालेली आणखी दोन गाणी आहेत. ती त्यानं मला गाडीत ऐकवली, मॉलला जाताना आणि येताना.

मी आपला वारसा पुढे केला. म्हटलं, आमच्याकडे किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं ते 1880 मध्ये. त्यात दोनशेच्या आसपास पदं. रात्र रात्र प्रयोग चालायचे. आमचे आजोबा एखादं पद गाळलं की मध्यंतरात आत जाऊन नटाला जाब विचारून यायचे. आणि बाहुल्यांचं म्हणाल तर 1993 मध्ये रामदास पाध्यांनी आमच्यासाठी तात्या विंचू घडवला आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला. पुराव्यादाखल मी नातीला तात्या विंचू दाखवला. त्या रात्री ती आमच्या खोलीत, आमच्या दोघांच्या मध्ये झोपली. लेकीनं पुराव्यांवर बंदी घातली.

शेवटी ठरलं, की शनिवारी गाण्यासकटची प्रत लावायची आणि आबांनी निकाल द्यायचा. मी दुपारी झोप काढली. दोन कप काळी कॉफी प्यायलो. मुद्दाम लाकडी खुर्ची घेतली. स्क्रूज आला, भुतं आली, बर्फ पडलं, बेल बाकावर बसली. गाणं सुरू झालं. सूर मऊ, चाल संथ, आवाज गोड...

डोळे उघडले तेव्हा उंदीर रडत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. जावयानं तर सिनेमा थांबवलाच होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ठेवायलाच हवं. त्याशिवाय उंदराच्या रडण्याला आधार नाही." जावयानं मला मिठी मारली. लेक म्हणाली, "चला, एकदाचा विषय क्लोज." नात काहीच बोलली नाही.

रात्री ती पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत आली. तिच्या घरात असा कुणाला पाणी आणून द्यायचा रिवाज नाही, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

"आबा, तू झोपला होतास."

"डोळे मिटून ऐकत होतो. जाणकार तसंच ऐकतात."

"घोरत?"

मी गप्प.

"म्हणजे गाणं बोअरिंग आहे. मीच जिंकले. पण बाबाला सांगणार नाही. तो रडेल." मग जरा विचार करून म्हणाली, "चिक्की. तू आणतोस ती, लोणावळ्याची. दर वर्षी एक पाकीट."

चौतीस वर्षांत एवढ्या माफक दरात माझं कुठलंही प्रकरण मिटलं नव्हतं. मी हो म्हणालो.

यंदा आम्ही गेलो नाही, हिचे गुडघे. पण परंपरा चुकू नये म्हणून जावयानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीसमोर उभा केला. तिकडे संध्याकाळचे सात, आमच्याकडे पहाटेचे साडेपाच. मी शाल गुंडाळून बसलो होतो आणि टक्क जागा होतो, शपथेवर सांगतो. बेल बाकावर बसली. तिनं तोंड उघडलं आणि नेटवर्क गेलं. तिचा आ वासलेला चेहरा माझ्या फोनवर तसाच थिजून राहिला. मी खिडकीपाशी गेलो, गॅलरीत गेलो, राउटर दोनदा बंद-चालू केला.

चित्र परत आलं तेव्हा उंदीर रडत होता.

"बाबा, बघितला ना? कसा वाटला?" जावयाचा आवाज आला.

"फारच सुंदर," मी म्हणालो. "दरवेळी नवं काहीतरी सापडतं."

पडद्याच्या कोपऱ्यातून नातीचं डोकं वर आलं. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि शांतपणे दोन बोटं दाखवली.