डीफॉल्टला हात का लावायचा? निपाणीच्या वाचकांना उत्तर

ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करण्याच्या प्रोग्रॅममधील प्रगत सेटिंग्जवर मी लिहिलेल्या लेखाखाली निपाणीच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ते म्हणतात, ‘खानापूरकडच्या भजनी मंडळांतल्या पोरांना बफर आणि लेटन्सीचे काय करायचे आहे? जाणत्या इंजिनिअरांनी ठरवून दिलेल्या डीफॉल्टला हात लावू नये. तुमच्या नादाने लोक सगळे बिघडवून बसतील.’ (डीफॉल्ट म्हणजे प्रोग्रॅमसोबत आलेली मूळ सेटिंग, लेटन्सी म्हणजे आवाज संगणकातून जाऊन येताना होणारा उशीर, आणि बफर म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी संगणक करतो तो त्याचा छोटा साठा.) पुढे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, आणि लॅपटॉपवर येणारी तडतड यांबद्दलही त्यांची तक्रार आहे.

महोदय, मतभेदाचे मला वाईट वाटत नाही. ‘पोरांना काय करायचे आहे’ हे शब्द मात्र लागले. शहापुरातल्या एका स्टुडिओत मी केबली गुंडाळण्यापासून सुरुवात केली, आणि तिथे माझ्या वाट्याला रोज हेच वाक्य यायचे: हात लावू नकोस, तुला काय कळते! जे ठाऊक होते ते सांगायला कोणी तयार नव्हते. म्हणूनच मी हे सगळे मराठीत लिहायला घेतले. आपण तेच वाक्य मला आणि माझ्या वाचकांना पुन्हा ऐकवता, तेव्हा ते सूचना म्हणून स्वीकारणे मला जमत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. केवळ गाण्याची फाईल करायची असेल तर ४४.१ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट पुरतो. मी ४८ सुचवले ते व्हिडिओला आवाज जोडणाऱ्यांसाठी, आणि ते अधिक ठळकपणे सांगता आले असते.

आता डीफॉल्टविषयी. ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन या सेटिंगची मूळ किंमत उणे १३० मिलिसेकंद असते. आधी रेकॉर्ड केलेले गायन हेडफोनवर ऐकत वादक दुसऱ्या ट्रॅकवर पेटी वाजवतो, तेव्हा आवाज संगणकातून बाहेर पडून माइकमार्गे परत आत येईपर्यंत काही वेळ जातो. तो वेळ भरून काढण्यासाठी प्रोग्रॅम नवा ट्रॅक तेवढा मागे सरकवतो. हे १३० मिलिसेकंद कोणी आपल्या लॅपटॉपवर मोजलेले नाहीत. ज्या इंजिनिअरांचा आपण दाखला देता, त्यांनी आपला माइक, आपला ड्रायव्हर (माइक आणि संगणक यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम), आपले विंडोज काहीही पाहिलेले नाही. त्यांनी एक अंदाज ठेवला आहे आणि तो बदलता यावा म्हणूनच शेजारी चौकट दिली आहे. माप न घेता शिवलेला सदरा एखाद्याला बसलाही, तरी तो सगळ्या गावाने घालावा असे कोणी म्हणत नाही.

हा फरक कानाला कळतो का, असे आपण विचाराल. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तिचा पाव हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा. अंदाज ५०-६० मिलिसेकंदांनी जरी चुकला, तरी दोन ट्रॅकवरच्या टाळाचा एकच ठोका दोनदा पडल्यासारखा ऐकू येतो. खानापूर तालुक्यातल्या एका मंडळाच्या हरिपाठाच्या रेकॉर्डिंगमध्ये पेटी नंतर भरली होती, आणि ऐकताना सगळ्यांनी पेटीवाल्या काकांनाच दोष दिला. काका वयाने मोठे, आयुष्य भजनात गेलेले. ते मान खाली घालून ‘हात जड झाले असतील’ म्हणाले. मी लेटन्सी मोजली आणि ट्रॅक तेवढा सरकवला, तेव्हा पेटी मृदंगाच्या समेवर नेमकी येऊन बसली. त्या दिवशी डीफॉल्टला हात लावला नसता तर एका जाणत्या वादकाने विनाकारण मनाला लावून घेतले असते. हे आपल्याला ‘पोरांचे खेळ’ वाटत असतील तर वाटोत.

मोजण्याची रीत लेखात दिली होती, तरी पुन्हा सांगतो. कॉम्पेन्सेशन शून्यावर आणावे आणि सॉफ्टवेअर प्लेथ्रू, म्हणजे रेकॉर्ड होत असलेला आवाज तेव्हाच ऐकवणारी सोय, बंद आहे याची खात्री करावी. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक, म्हणजे ठरावीक लयीतल्या ठोक्यांचा ट्रॅक, तयार करावा, हेडफोनचा एक कप माइकला चिकटवून तो ट्रॅक वाजत असतानाच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावा. मग झूम करून मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांतले अंतर मोजावे व तो आकडा उणे चिन्हासह चौकटीत भरावा. खात्रीसाठी हीच चाचणी पुन्हा घ्यावी. आता दोन्ही ठोके एकाखाली एक दिसायला हवेत. माइक किंवा ड्रायव्हर बदलला की पुन्हा मोजावे.

यात बिघडते काय? जुना आकडा वहीत लिहून ठेवा, एका वेळी एकच सेटिंग बदला. ट्रॅक चुकीच्या जागी पडला तरी आतल्या आवाजाला काहीही होत नाही, तो ओढून परत जागेवर आणता येतो.

तडतडीबद्दल इतकेच, की ती आली तर बफर वाढवावा हे लेखात स्वच्छ लिहिले आहे. ते न वाचताच आपण प्रतिक्रिया लिहायला बसलात, असे म्हणणे मला भाग आहे.

वरची चाचणी आपल्या लॅपटॉपवर करावी आणि जो आकडा येईल तो इथेच लिहावा, ही विनंती. तो १३०च्या जवळ आला, तर आपल्या यंत्रापुरते डीफॉल्ट बरोबर आहे असे मी याच जागी लिहीन. लांब आला, तर तो चौकटीत भरावा आणि मग आपले जुने काम पुन्हा ऐकावे.