गादमाशी, पोंगे आणि पोळ्यानंतरची फवारणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. धानाच्या फुटव्यांना लागणाऱ्या गादमाशी या किडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "पंख्याखाली बसून शेतकऱ्याला अक्कल शिकवू नका. पोळ्यानंतर पोंगे दिसले, मी फवारलं आणि पंधरवड्यात नवे पोंगे बंद झाले." (पोंगे म्हणजे गाद लागलेल्या फुटव्यातून लोंबीऐवजी निघणाऱ्या चंदेरी नळ्या.) पुढे वाण, मजुरी आणि फोरेट या कीटकनाशकाबद्दलही लिहिलंय.

भाऊ, मतभेद चालतील, ही भाषा चालणार नाही. माझं लहानपण गोंदिया जिल्ह्यात बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, चिखलात गेलं. रोवणीला पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या मी वाहिल्यात. गाद लागून बांधीचा एक कोपरा लोंब्यांविना उभा राहिला की घरात काय शांतता पसरते, ते मला कुणी सांगायला नको. पंख्याखालचा ठरवण्याआधी एकदा विचारायचं तरी होतं. चिरलेल्या पोंग्याचा फोटो लेखात हवा होता, एवढं मात्र मान्य.

आता तुमचं दुसरं वाक्य. नवे पोंगे थांबले, हे तुम्ही पाहिलंत यावर माझा विश्वास आहे. ते औषधाने थांबले, हे मला मान्य नाही.

मादी रात्री पानांवर अंडी घालते. ३-४ दिवसांत अळी निघते आणि पानावरच्या ओलाव्यातून सरकत, पानाच्या आवरणाआडून फुटव्याच्या कोंबाशी पोहोचते. ती तिथेच खाते. तिच्या लाळेमुळे आवरण नळीसारखं वाढू लागतं. अळीचे हे १५-२० दिवस बाहेरून फारसं काही कळत नाही. चंदेरी पोंगा वर येतो तोवर तिचं खाणं बहुतेक उरकलेलं असतं आणि आत कोष असतो. हा कोष स्वतःच्या काट्यांनी शेंड्याजवळ भोक पाडतो, माशी उडून जाते, आणि कोषाची साल भोकात अडकून राहते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. औषध कितीही महाग असो.

मग पोंगे थांबले कशाने? या अळीला वाढता कोंब लागतो. फुटवे फुटणं संपून कोंबात लोंबी धरू लागली की पोंगा होत नाही. पोळ्यानंतर धान त्याच वळणावर येतं. शेजारची न फवारलेली बांधी पाहिलीत का? प्रतिक्रियेत तरी तिचा उल्लेख नाही. तुलनाच नाही, तर श्रेय औषधाला कसं देता?

मला खरी चीड येते ती प्लॅटिगॅस्टर ओरायझीसाठी. ही चिलटाहून लहान गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यात अंडं घालते आणि पुढे त्या एका अळीतून तिची अनेक पिल्लं निघतात. फवारा बसतो तो उघड्यावर फिरणाऱ्या या मित्रावर. कोष मात्र पोंग्यात सुखरूप. म्हणून तर लेखात लिहिलं होतं की जे करायचं ते पऱ्ह्यांपासून फुटवे धरेपर्यंत करा. वेळेवर रोवणी करा, बांधावरचं गवत काढा, प्रतिकारक वाण घ्या.

तुमच्याकडे प्रतिकारक वाणालाही गाद लागली, हे शक्य आहे. या माशीचे भारतात सात जैवप्रकार, म्हणजे वेगवेगळ्या वाणांवर तग धरणारे उपप्रकार, नोंदलेले आहेत, एकीकडे टिकलेला वाण दुसरीकडे पडतो. फोरेटच्या विक्रीवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तो विषय संपला. मजुरीवर इथे वाद घालणार नाही.

पुढच्या हंगामात एक बांधी न फवारता ठेवा, दहा पोंगे चिरून बघा आणि दिसेल ते इथेच लिहा. मी उत्तर देईन, पण भाषा नीट असेल तरच.