म्हाताऱ्यांचा रेडिओ काढताय? मग आधी आमचं वय मोजा

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दोन तरुण पोरं आली होती. त्यांना ज्येष्ठांसाठी जुन्या गाण्यांचा रेडिओ काढायचाय, मोबाइलवरचा, ॲपमधला. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागच्या टेबलावर झाकून ठेवलेला उपमा आणि पुढे प्रोजेक्टर. त्याने पहिली दहा मिनिटं नुसता निळा पडदा दाखवला. पोरं गुणी होती, घामाघूम होऊन वायरी खुपसत होती. शेवटी एकदाचं पडद्यावर वेळापत्रक उमटलं.

सकाळी ६ ते ८ अभंग. ८ ते ९ स्तोत्रं. मग आरोग्यसल्ला, विषय सांधेदुखी. दुपारी भावगीतं. ४ वाजता प्रवचन. संध्याकाळी परत भक्तिसंगीत. आणि रात्री ९ ला 'शांत झोपेसाठी बासरी'.

मी हात वर केला. म्हटलं, "बाळांनो, आम्ही अजून आहोत बरं का."

हशा पिकला, उपमा निघाला, विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना, म्हणून इथे लिहितोय.

माझा जन्म १९५७ चा. विविध भारतीही त्याच वर्षीची, ३ ऑक्टोबरची. म्हणजे आम्ही बरोबरीचे. मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा १९७५ साल होतं. त्या वयात मी काय ऐकत होतो? पंचम, किशोर, आशाताई. दादा कोंडक्यांच्या सिनेमातली जयवंत कुलकर्णींनी म्हटलेली गाणी, जी लागली की वडील पेपरातून मान वर न करता रेडिओ बंद करायचे. पुढे कॉलेज संपता संपता बोनी एम, तो परदेशी डिस्को बँड. मित्राच्या भावाने कुठूनशी कॅसेट आणली होती, ती इतकी वाजवली की टेप गुंडाळली जायची आणि आम्ही पेन्सिल घालून ती सोडवत बसायचो. माणसाची गाणी पंधरा ते पंचवीस या वयात ठरतात, असं माझं आपलं मत. नंतरची आवडतात, पण अंगाला चिकटतात ती त्या दहा वर्षांतली.

या पोरांच्या हिशोबात मात्र 'जुनं' हे एकच पोतं आहे. सैगल, माणिक वर्मा, अरुण दाते, पंचम, सगळे एकात. अरे, सैगल गेला १९४७ साली, मी जन्मलो त्यानंतर दहा वर्षांनी! संघात नव्वदी ओलांडलेले एक आप्पा आहेत, सैगल त्यांचा. आप्पा आणि मी एकाच कट्ट्यावर बसतो, पण आमच्यात चांगली एका पिढीची दरी आहे. ते मला अजून 'अरे पोरा' म्हणतात. साठीच्या पुढचे सगळे सारखेच दिसतात हा तुमच्या डोळ्यांचा दोष, आमच्या कानांचा नव्हे.

इंग्लंडात हे दोन जुन्या रेडिओवाल्यांनी ओळखलं. फिल रायली आणि डेव्हिड लॉइड. १४ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी बूम रेडिओ सुरू केला, महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीसाठी. कोविडचे दिवस, त्यामुळे निवेदक आपापल्या घरून बोलत होते. आणि निवेदक कोण? ज्यांचे आवाज ऐकत ही माणसं मोठी झाली तेच, सत्तरी-ऐंशीचे सुद्धा. ऐकणारे इतके वाढले की २०२४ मध्ये बीबीसीनेही जुन्या गाण्यांची जोडवाहिनी काढायचा बेत जाहीर केला, आणि मग बूमवाल्यांनीच 'हे आमच्या पोटावर पाय देणं आहे' या चालीवर आरडाओरडा केला. पोटावर पाय येईल एवढं पोट त्यांचं भरलं होतं, हे लक्षात घ्या.

तिथे 'शांत झोपेसाठी बासरी' नाही. तिथे गाणी आणि गप्पा आहेत. गाण्यांइतक्याच गप्पा महत्त्वाच्या, आणि पोरांचं गाडं मला वाटतं तिथेच अडलंय. त्यांच्या ॲपमध्ये निवेदक नाहीच. एकामागून एक गाणी, मध्ये जाहिरात. मी विचारलं, बोलणार कोण? तर म्हणे, "आजोबा, युजरला मध्ये डिस्टर्बन्स नको असतो."

(आजोबा. अडुसष्टाव्या वर्षी. असो.)

नुसती गाणी हवी असतील तर ती आहेतच की. २०१७ मध्ये कारवां नावाचा डबा आला, त्यात पाच हजार गाणी भरलेली. मुलांनी आईबापांना दिवाळीला दिले, घरोघरी झाले. आमच्याकडेही आहे. पण गंमत बघा, त्या डब्यात अमीन सयानींची गीतमालाही, म्हणजे गाजत्या गाण्यांची क्रमवारी सांगणारा तो रेडिओ-कार्यक्रमही, घातलेली आहे, आणि मी फिरून फिरून तिथेच जातो. कारण बुधवारी रात्री ८ ला तो आवाज ऐकायला शेजारचे सुद्धा आमच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. पुढचं गाणं कुठल्या पायरीवर असेल यावर चार-चार आण्यांच्या पैजा लागायच्या. गाणी तर सगळ्यांना पाठच होती.

आता आमच्या जिन्यासमोरच्या वहिनींचं सांगतो. वय एकोणऐंशी, एकट्याच असतात, मुलगा पिंपरीला. स्वयंपाकघरात फ्रिजवर रेडिओ, सकाळपासून चालू. पूर्वी ६ वाजून ५५ मिनिटांनी संस्कृत बातम्या लागल्या की दूध तापवायला ठेवायच्या आणि ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांना चहा. संस्कृत त्यांना येत नाही, पण 'संप्रति वार्ताः श्रूयन्ताम्' म्हणजे दूध, हे पक्कं. त्यांच्या रेडिओच्या काट्यापाशी, एफएम १०१ वर, काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. चष्मा नसला तरी काटा ठिपक्यावर आणला की झालं.

दोन वर्षांपूर्वी मुलाने नवा आणला, आकडे दाखवणारा, बटणांचा. एकदा पुसताना कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि सगळी स्टेशनं गायब. बुधवार ते रविवार घर मुकं. मी विचारलं, मला का नाही हाक मारलीत? तर म्हणाल्या, "एवढ्याशासाठी काय त्रास द्यायचा भाऊजी." रविवारी मुलगा आला, त्याने माळ्यावरून जुना काढून दिला.

तेव्हा ॲपवाल्यांनो, पाच पायऱ्यांचं लॉगिन आणि ओटीपी जरा बाजूला ठेवा. सरकारने २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना सांगितलं होतं की फोनमधला एफएम रेडिओ बंद करून ठेवू नका. माझ्या नव्या फोनमध्ये मी तरी शोधून थकलो.

माझं म्हणणं, हवेतूनच वाजू दे. कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे आपल्या भागापुरत्या छोट्या केंद्राचा, परवाना संस्थांना मिळतो, तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था हवी, निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत. आमच्यासारखे संघ त्यात बसायला हरकत नसावी. ताकद साधारण १०० वॉटची, पाच-दहा किलोमीटरच ऐकू जातो. जाऊ दे ना! आम्ही तरी त्यापलीकडे कुठे जातो? कुठल्या औषधाच्या दुकानात आज सवलत आहे, पाणी कधी येणार नाही, कोणाचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम कुठल्या हॉलमध्ये, हे आम्हाला लागतं.

गाण्यांच्या हक्कांचं मात्र कोडं आहे, आणि ते पोरांना ठाऊक नव्हतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, म्हणजे साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या तबकड्या आता मोकळ्या. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं टिकतो. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले. तबकडी फुकट, गाणं नाही! पैसे द्यावेत हे बरोबरच आहे, पण ते कुठून आणायचे ते आधी ठरवा. जाहिरातवाल्यांना आम्ही दिसत नाही. त्यांना पंचविशीचा पोरगा हवा, ज्याच्या खिशात ईएमआयशिवाय काही नाही. पेन्शन कोणाकडे येते, नातवाची फी कोण भरतं, युरोपच्या सहली कोण करतं, हे एकदा विचारा की.

काल त्यातल्या एका पोराचा मेसेज आला. "आजोबा, तुमची यादी पाठवा ना, बघतो." रात्री बसून त्रेचाळीस गाणी लिहिली. एकही अभंग नाही, मुद्दाम. सकाळी बघतो तर बायकोने खाली दोन अभंग वाढवून ठेवलेले. म्हणाली, "तुमचं ते बोनी एम सहा वाजता मला नकोय."

यादी तशीच पाठवली. पंचेचाळीस.