‘अकरा दिवसांत सुटला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: "ट्यूबिंग अँकर थर्ड क्लास. विहिरीत अकरा दिवसांत सुटला. स्लिपचे दात मऊ. नळ्या खाली पडल्या, फिशिंगमध्ये रिग तीन दिवस अडकली. रविवारी फोन केले, मालक उचलत नाही. भाडं मात्र पूर्ण घेतलं."

नवख्या वाचकांसाठी: तेलविहिरीत बाहेरचा मोठा पाइप म्हणजे केसिंग आणि त्याच्या आत तेल वर आणणाऱ्या नळ्या. ट्यूबिंग अँकर म्हणजे या नळ्या केसिंगला पकडून ठेवणारं टूल, स्लिप म्हणजे त्याचे दातेरी जबडे, आणि फिशिंग म्हणजे विहिरीत पडलेलं सामान वर काढणं.

उत्तराला नऊ दिवस लागले. अँकर वर्कशॉपला परत येऊन मी स्वतः उघडून बघेपर्यंत एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवलं होतं.

आधी फोनचं. त्या रविवारी तुमचे सात मिस्ड कॉल आहेत. फोन ऑफिसात चार्जिंगला राहिला आणि मी घरी होतो. रिग उभी, माणसं उभी, विहिरीत काय झालंय ते कळत नाही, आणि ज्याचं टूल खाली आहे तो माणूस फोनवर नाही. ही चूक पूर्णपणे माझी, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता दर डिलिव्हरी चलनावर दोन नंबर छापतो आणि दुसरा रात्रीही उचलला जातो.

आता दातांचं. माझी सुरुवात न्हावा बेसवर (समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पुरवणारा तळ) परत आलेले पॅकर, म्हणजे नळी आणि केसिंगमधली फट बंद करणारी टूल्स, उघडण्यात झाली. तेव्हापासून सवय आहे की टूल आलं की धुवायच्या आधी बघायचं. तुमचा अँकर तेलवाळूने माखलेला तसाच टेबलावर घेतला. तिन्ही स्लिपचे दात भिंगाखाली पाहिले. टोकं शाबूत, एकही दात चपटा झालेला नाही. कानस मारून पाहिली, घसरते, धरत नाही. मग हार्डनेस घेतला, ५८ रॉकवेल आला. आमच्या स्लिप कमी कार्बनच्या पोलादाच्या असतात. वरची कातडी कार्ब्युरायझिंग करून कडक केलेली, आतला गाभा चिवट. तुमचं केसिंग जे-५५ दर्जाच्या पोलादाचं आहे आणि हे दात त्याच्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. दात मऊ असते तर ते केसिंगवर घासत सरकले असते आणि टोकं घासून गेली असती. तसं झालेलं नाही.

शिअर पिनाही सगळ्या जागेवर आहेत, म्हणजे ताण जास्त होऊन अँकर तुटून सुटला असंही नाही. खरी गोष्ट सापडली ती ड्रॅग ब्लॉकवर. हे ब्लॉक स्प्रिंगच्या जोरावर केसिंगला टेकून राहतात, त्यामुळे टूल खाली-वर करताना त्यांच्यावर उभे ओरखडे पडतातच. पण तुमच्या ब्लॉकवर उभ्या ओरखड्यांच्या खाली आडवे ओरखडे आहेत, गोल फिरल्याचे. टूल केसिंगमध्ये गरगर फिरलंय. आणि दोन्ही कोन (स्लिपना बाहेर ढकलणारे शंकू) एकमेकांपासून पूर्ण लांब गेलेले सापडले, म्हणजे अँकर रिलीज झालेल्या स्थितीतच होता.

हे का झालं ते नीट सांगतो, कारण तुमच्यासारखाच घोळ दुसऱ्या कुणाचाही होऊ शकतो.

या विहिरीत आधी सकर रॉड पंप (वरून लांब सळयांनी वरखाली चालवला जाणारा) होता आणि त्यात आमचाच असला अँकर दोन वर्षं एका जागी बसून होता. रॉड पंपात नळ्यांना वरखाली ओढ लागते. पंप खाली जाताना तेलाचं वजन नळ्यांवर येतं आणि त्या लांबतात. वर येताना ते वजन रॉडवर जातं, मग नळ्या आखडतात आणि खालून वाकतात. १२०० मीटरवर पावणेदोन इंची प्लंजर धरला, नळ्या पाण्याने भरलेल्या धरल्या, तर हे वजन जवळपास १९०० किलो होतं आणि नळ्यांची माळ (आपली नेहमीची दोन पूर्णांक सात अष्टमांश इंची) दर स्ट्रोकला सुमारे ९ सेंटीमीटर लांबते-आखडते. तेवढा स्ट्रोक फुकट जातो, शिवाय नळ्या केसिंगला घासून झिजतात. ते थांबवायला ट्यूबिंग अँकर आहे. तो डावीकडे पाच ते आठ वेढे फिरवून बसवायचा आणि उजवीकडे फिरवून सोडायचा. सोडायची दिशा उजवी ठेवण्यामागे विचार आहे. नळ्यांचे आटे उजवे असतात, त्यामुळे अडकलेला अँकर सोडवायला जोर लावला तरी सांधे घट्टच होतात, उकलत नाहीत.

पण या वेळच्या वर्कओव्हरमध्ये (विहिरीच्या दुरुस्तीत) तुम्ही रॉड पंप काढून पीसीपी (प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंप) उतरवला. तो स्क्रू पंप वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, आणि त्याचा रोटर (आतला फिरणारा स्क्रू) स्टेटरला (नळ्यांना जोडलेल्या बाहेरच्या कवचाला) त्याच दिशेने ओढत राहतो. म्हणजे नेमकी आमच्या अँकरची सुटायची दिशा! पंप दर वेळी सुरू झाला, वाळूचा गठ्ठा आला आणि टॉर्क (फिरवणारा जोर) चढला, की खालचा अँकर उजवीकडे थोडा थोडा सुटत गेला. अकराव्या दिवसापर्यंत स्लिप आत गेल्या. त्यानंतर खालचा भाग धरायला काहीच उरलं नाही. स्टेटर फिरला आणि वरचा एखादा सांधा उकलला. नळीचा खालचा भाग उजवीकडे फिरला, तर वरच्या नळीतून तो मोकळाच होणार. तुम्ही विचारलंत की अँकरला ‘कॅचर’ म्हणतात, मग पडणारी माळ त्याने का धरली नाही? बसलेला असता तर धरली असती. तो त्याआधीच सुटलेला होता.

पीसीपीला टॉर्क अँकर लागतो. तो उजवीकडे थोडासा फिरवून बसतो आणि पंप जितका जोर लावेल तितका तो केसिंगला जास्त चावतो. काढताना डावीकडे फिरवायचा. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, साडेपाच इंची केसिंगला दोन्ही जातात, स्टोअरमध्ये एकाच रॅकवर असतात. काम मात्र उलटं.

मग चूक कुणाची? तुमच्या ऑर्डरमध्ये ‘ट्यूबिंग अँकर, साडेपाच इंच’ एवढंच होतं आणि आम्ही तेच दिलं, चलनावर ‘डावीकडे सेट, उजवीकडे रिलीज’ छापलेलंही होतं. हे बोलून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तुमच्या माणसाने आमच्या स्टोअरला फोन करून विचारलं होतं, "या वेळी पंप बदललाय, चालेल ना?" आमच्या स्टोअरमधल्या पोराने सांगितलं, "साइज तीच आहे, चालेल." हे मला तुमच्याकडून नाही, त्याच्याकडूनच कळलं. तुमचा रिव्ह्यू वाचून तो स्वतः माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वय लहान आहे, तरी खरं बोलला. मी त्याला कामावरून काढलेलं नाही आणि काढणारही नाही. अँकर पाठवताना कुठला पंप आहे हे विचारायचं असतं, ते मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून पैशाचं असं ठरवलंय. अँकरचं पूर्ण भाडं तुमच्या खात्यात परत केलंय, बघून घ्या. फिशिंगला लागलेल्या ओव्हरशॉटचं (पडलेली नळी बाहेरून पकडून काढायच्या टूलचं) भाडं आमच्याकडून. रिगच्या तीन दिवसांचा खर्च मी देऊ शकत नाही. तेवढी ऐपत या वर्कशॉपची नाही आणि खोटं आश्वासन देणार नाही. पण पुढच्या दोन विहिरींना टॉर्क अँकर बिनभाड्याने देतो.

‘थर्ड क्लास’ आणि ‘दात मऊ’ हे दोन शब्द तेवढे बदलावेत ही विनंती. स्टार एकच ठेवा, माझी हरकत नाही. पण दुसरा कुणी ते वाचून जास्त कडक स्लिप मागेल, तोच चुकीचा अँकर पीसीपीच्या विहिरीत उतरवेल, आणि त्याचीही माळ खाली जाईल. त्याला दात कितीही कडक दिले तरी उपयोग नाही.

आता आमच्याकडे ऑर्डर फोनवर घेत नाही, एक कागद भरून घेतो. पंप कुठला, केसिंगचं दर फुटाला वजन किती (साडेपाच इंचीत १७ पौंडी आणि साडेपंधरा पौंडी केसिंगच्या आतल्या व्यासात दीड मिलिमीटरचा फरक पडतो, स्लिपला तो कळतो), वाळू येते का, आणि विहिरीत अँकरच्या जागी आधी काय बसवलं होतं. गेल्या आठवड्यात याच कागदामुळे एक ऑर्डर थांबली. समोरच्याला हवा होता गॅस अँकर. तो काही धरून ठेवत नाही, पंपात जाणारा गॅस वेगळा काढतो. आम्ही चुकून ट्यूबिंग अँकर पाठवला असता.

बुधवारी मी स्वतः टॉर्क अँकर घेऊन तुमच्या साइटवर येतोय. उतरवायच्या आधी तुमच्या टूलपुशरसमोर (रिगच्या प्रमुखासमोर) टेबलावर दोन्ही अँकर ठेवून कुठला कुठे फिरतो ते हाताने दाखवीन. विहिरीचा केसिंग रिपोर्ट तेवढा काढून ठेवा.