१९ फेब्रुवारीला ‘इंग्रजांची तारीख’ म्हणणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी उजाडला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या गावच्या ग्रुपवर एकाच दिवशी चौघांनी टाकला. मजकूर साधारण असा: १९ फेब्रुवारी ही इंग्रजांची तारीख आहे. मोबाईलमध्ये १९ फेब्रुवारी १६३० काढून बघा, मंगळवार येतो, जुन्या कागदात तर शुक्रवार लिहिलाय. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन-तीन तारखा सांगतात, म्हणजे खरी कुणालाच ठाऊक नाही. ही तारीख सरकारने २००० साली ठरवली, आणि त्या दिवशी सुट्टी देऊन तिथी मोडीत काढली. शेवटी ‘खरे मावळे असाल तर पुढे पाठवा.’

शिवनेरीवरून रात्री ज्योत घेऊन निघणाऱ्या आमच्या पोरांबरोबर मी बरीच वर्षं जातो. गडाचे सात दरवाजे उतरताना मशालीचं तेल मनगटावरून ओघळत असतं, तरी कुणी हात बदलायला तयार नसतो. तीच पोरं हा मेसेज पाठवतात, म्हणून जीव तुटतो.

मंगळवारापासून सुरुवात करतो, कारण मोबाईलवर स्वतः बघितलेली गोष्ट माणसाला लगेच पटते. मंगळवार येतो, हे खरंच आहे. शुक्रवार लिहिलाय, हेही खरं. जेधे शकावली म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात सापडलेली शकवार टिपणं. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी असा नोंदलेला आहे. ‘१९ फेब्रुवारी’ हे शब्द तिथे कुठेच नाहीत. ती तारीख या तिथीवरूनच काढलेली आहे, आणि काढली आहे ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरने. पोप ग्रेगरीने १५८२ साली त्या कॅलेंडरमधले दहा दिवस गाळून नवं सुरू केलं. आज आपण वापरतो ते हे नवं. मोबाईल तेच मागे १६३० पर्यंत लावतो, म्हणून मंगळवार दिसतो. आता दहा दिवस पुढे जा आणि १ मार्च १६३० काढा. शुक्रवार येईल. दिवस तोच आहे, पाट्या दोन आहेत. म्हणजे तारीख खोटी पाडायला दिलेल्या पुराव्यानेच शकावलीतला वार बरोबर ठरतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही अशीच जुन्या कॅलेंडरची आहे.

‘इंग्रजांची तारीख’ या शब्दालाही इथेच उत्तर आहे. ज्युलियन कॅलेंडर रोमन काळातलं, तेव्हा इंग्लंड नावाचं राज्यही नव्हतं. इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलं ते थेट १७५२ मध्ये. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रज कारकुनाने १६३० मधल्या त्या शुक्रवारी १९ फेब्रुवारी लिहिली असती, पण साल १६२९ घातलं असतं, कारण त्यांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. गोव्याच्या पोर्तुगीजाने त्याच दिवशी १ मार्च १६३० लिहिलं असतं. आपल्याकडेही सगळं एकसारखं कुठे आहे? आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपल्या फाल्गुन वद्य तृतीयेला तिकडचं पंचांग चैत्र कृष्ण तृतीया म्हणतं. त्यामुळे कुणी आपलं कोण आणि परकं कोण, हे तिथी आणि तारखेवरून ठरवू नये.

आता दोन-तीन तारखांचं. तिथी आणि १९ फेब्रुवारी या दोन तारखा मोजूच नयेत, ती एकच नोंद आहे. खरा वाद होता सालाचा: १६२७ की १६३०. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी उत्तरकालीन बखरींतून, मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून रूढ झाली. ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, जन्मानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. दुसरा कागद हाती नव्हता तोवर लोकांनी तीच धरली, त्यात त्यांची चूक नाही. १८९६ साली रायगडावर उत्सव सुरू करणाऱ्या टिळकांच्या हाती पुढे जेधे शकावली आली. त्यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. आपणच उभ्या केलेल्या उत्सवाचं रूढ साल बदलेल असा कागद त्यांनी लपवला नाही, हे मला फार मोठं वाटतं. पुढे परमानंदाचं शिवभारत उजेडात आलं. हा कवी महाराजांच्याच आश्रयाला होता, आणि त्याने दिलेली तिथी तीच: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. मग राजस्थानात जोधपूरला जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच जन्मदिवसाची. कारीचा देशमुख, दरबारचा कवी आणि जोधपूरचा ज्योतिषी एकमेकांचं बघून लिहिणारे नव्हेत. याला ‘कुणालाच ठाऊक नाही’ म्हणत नाहीत.

सरकारने ठरवली, हे तेवढ्यापुरतं बरोबर आहे की सुट्टीचा दिवस सरकारच ठरवतं. पण १९६६ साली इतिहासकारांची समिती नेमली गेली, तिच्यात दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे अशी माणसं होती. २००० साली १९ फेब्रुवारी स्वीकारली तेव्हा जेधे शकावली छापून ८४ वर्षं झाली होती. उलट सरकार फार उशिरा जागं झालं, अशी तक्रार कुणी केली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

राहिली सुट्टी. ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली जाहीर होते. बँका, कचेऱ्या बंद राहतात, एवढाच तिचा अर्थ. गुढीपाडव्याची आणि गणेश चतुर्थीची सुट्टी तिथीनेच मिळते, तेव्हा सरकारला तिथीचं वावडं आहे असंही नाही. शिवजयंतीची तिथीने द्यावी अशी मागणी कुणी जरूर करावी, ती रास्त मागणी होईल. पण तिथी मोडीत निघालेली नाही. २०२३ ला ती १० मार्चला आली, २०२४ ला २८ मार्चला, २०२५ ला १७ मार्चला, आणि तिन्ही वर्षी गावोगाव साजरी झाली. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. आमच्या मंडळात तर आता १९ ला ज्योत आणि पाळणा, आणि तिथीला कीर्तन असतं. पाळणा म्हणणाऱ्या बायका दोन्ही दिवशी त्याच असतात.