ओ मामा, सरका की!

परवापरवापर्यंत मी 'भाऊ' होतो. मग एका एप्रिलात, सात रस्त्याला शेअर रिक्षात बसलो, तर शेजारचा दप्तरवाला पोरगा म्हणाला, "ओ मामा, सरका की!" मी मागं वळून पाहिलं. मागं नुसता रेक्झिनचा पडदा. म्हणजे मामा मीच.

तेव्हापासून निम्मं सोलापूर माझ्या बहिणीच्या पोटचं झालंय. बहीण एकच, तीही लातूरला. तिला यातलं काही माहीत नाही.

'काका' चाललं असतं. काका म्हणजे बापाचा भाऊ, वाटणीतला माणूस, त्याच्याशी जरा जपून बोलतात. मामाकडून नुसतं घ्यायचं असतं. सुट्टीत त्याच्या घरी जाऊन आंबे संपवायचे, आणि भाचीच्या लग्नात भरदुपारी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असा पुकारा झाला की त्यानं घामानं चिकटलेल्या सदऱ्यात धावायचं. शाळेतला शिपाई मामा, दवाखान्यातला वॉर्डबॉय मामा, चौकातला शिट्टीवाला मामा. फसवलं तरी 'मामा बनवला'. काका बनवल्याचं कधी ऐकलंय?

खोड जुनीच आहे. संस्कृतात रुबाबदार 'मातुल' आहे, तसा घरगुती 'माम'ही आहे. पंचतंत्रात रात्री काकडीच्या शेतात गाढवाला गाण्याची हुक्की येते, तेव्हा कोल्हा त्याला मामा म्हणूनच समजावतो, आणि गाढवही त्याला भाचा म्हणतं. गाणं होतं. भाचा कुंपणाबाहेर सुखरूप, मामा मार खातो. हे वाचल्यापासून मी बाथरूममध्येसुद्धा गुणगुणत नाही.

तरीही सवय झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावर शहराच्या पूर्व भागातून आलेलं तेलुगू कुटुंब आहे, आजोबांपासून विणकामाच्या मागावरचं. त्यांचा थोरला नातू रोज "काय मामा, बरंय का?" म्हणायचा, न सांगता सिलेंडर उचलून आत ठेवायचा. मी खूश. एका संध्याकाळी त्याची आजी शेंगाचटणी द्यायला आली आणि सहज बोलून गेली, "आमच्यात आईचा भाऊ पण मामा, सासरा पण मामा." मामाची मुलगी करायची रीत, त्यामुळं मामाच पुढं सासरा होतो, एका माणसाला दोन शब्द कशाला खर्चायचे?

माझा घास तोंडातच राहिला. आमची कन्या बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

हसावं तर आपलंही तेच. बायको माझ्या वडिलांना जन्मभर 'मामंजी' म्हणाली, आईला 'आत्याबाई'. मावशीचा नवरा काका होतो आणि आत्याचा नवरा मामा, तो का? आत्याच्या नाहीतर मामाच्या घरीच सोयरीक व्हायची, म्हणून. पंचवीस वर्षं हे शब्द कानांवर पडत होते. डोक्यात शिरायला सिलेंडर लागला.

त्या रात्री बायको म्हणाली, "पोरगा तसा कामाचा आहे." मला झोप नाही.

सकाळी जिन्यात त्याला गाठलं. म्हटलं, "हे बघ, मला काका म्हणत जा."

"का हो मामा?"

मी आडवळणानं, खोकत खोकत आजीचं बोलणं सांगितलं. तो आधी लाजला, मग हसायला लागला. "छे हो मामा, तसलं मनात पण नाही बे... सॉरी. तुम्ही रिक्षातल्यासारखे मामा. तुमच्या पोरीचा तर मी विचार पण करणार नाही!"

जीव भांड्यात पडला. जेमतेम चार पायऱ्या उतरलो असेन. मग परत वर चढलो.

"का रे? काय कमी आहे तिच्यात?"