सवय २१ दिवसांत लागते म्हणे!

जानेवारी लागला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरू लागतो. कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, आयुष्यभराची सवय लागते. एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जमलं नाही तर तुमची इच्छाशक्तीच कमी. सोबत खोडायला २१ चौकोनांचा तक्ता.

आधी आकडा पाहू. तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना तीनेक आठवडे लागतात, असं त्यांना दिसलं. १९६०च्या पुस्तकात त्यांनी ‘किमान साधारण २१ दिवस’ अशा अर्थाचं लिहिलं. फिरता फिरता ‘किमान’ गळालं, ‘साधारण’ही गळालं. शिवाय नव्या नाकाला सरावणं कुठे आणि थंडीत पहाटे अंबाझरीला फिरायला जाणं कुठे! नाकासाठी रोज पांघरूण फेकावं लागत नाही.

प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी एकेक नवी गोष्ट निवडली, ती ‘नाश्त्यानंतर’ अशा ठरलेल्या वेळेला जोडली आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली: आज केलं का, आणि विचार न करता झालं का? २००९मध्ये निष्कर्ष आले. आपोआप होऊ लागायला मध्यम आकडा ६६ दिवस. कोणाला १८, कोणाला २५४. (अभ्यासच ८४ दिवसांचा, तेव्हा २५४ हा आलेखावरून काढलेला अंदाज.) ग्लासभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला.

एक दिवस चुकल्याचं म्हणाल तर त्याच अभ्यासात एखाद्या खाड्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. मेसेजमधला हाच भाग मला सगळ्यात घातक वाटतो. चौदाव्या चौकोनाला घरात लग्न निघतं, एक सकाळ बुडते आणि माणूस तक्ताच फाडून टाकतो.

राहिली इच्छाशक्ती. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरायला नागपुरात कोणाला तक्ता लागतो? ऊन उतरलं की पाईप लावला, नळ सोडला, टाकी भरेस्तोवर तिथेच उभ्या उभ्या फोनवर गप्पा. लक्ष गप्पांत, पण टाकी भरत आली की हात नळाकडे जातोच. इथे निग्रह कुठे आहे? वेळ ठरलेली, जागा ठरलेली, पाईप समोर. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी लोकांना दिवसभर तासातासाला नोंदी करायला लावल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के गोष्टी जवळपास रोज आणि बहुतेक त्याच परिस्थितीत होणाऱ्या निघाल्या. पुष्कळदा मन भलतीकडेच.

म्हणूनच जानेवारीत नेमाने चालणारा मे महिन्यात गळतो. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, मेअखेर साडेपाचच्या सुमारास. सातची जी वेळ तेव्हा गोड वाटायची, तीच आता भाजून काढते. वेळ सुटली की तिच्याशी बांधलेलं चालणंही सुटतं, आणि ग्रुपवर मात्र तो आळशी ठरतो. फिरणं टिकवायचं असेल तर मार्चपासूनच गजर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा.